बेरजेचा टाइप कोणी ठरवला?

उभे राहा दोघंही. प्रोजेक्ट चालतो, हे मी पाहिलं. पण चालतो म्हणजे बरोबर आहे, असं वाटणारे या वर्गात तुम्ही दोघंच नाही. तेव्हा मागच्या बाकांनीही इकडे लक्ष द्यावं.

मंडीचा हिशेब लिहिलात. सोयाबीनची आवक, चिठ्ठीवरचं वजन, भाव, रक्कम आणि संध्याकाळी दिवसभराची एकूण उलाढाल. विषय चांगला निवडलात. रक्कम रुपयांच्या दशांशात न ठेवता पूर्ण पैशांत ठेवलीत, तेही बरोबर केलंत. दशांशाचा घोळ पैशाच्या हिशेबात आणायचाच नसतो. एवढं ज्यांना कळतं त्यांच्याकडून पुढची ओळ अपेक्षित नव्हती, म्हणून राग जास्त येतो. वाच ती ओळ. मोठ्याने वाच. ‘व्हार एकूण बरोबर शून्य.’

या ‘एकूण’चा टाइप काय?

‘कंपायलर ठरवेल, मॅडम’ हे उत्तर झालं नाही. ठरवेल कशाला, त्याने केव्हाच ठरवला. काय ठरवला, ते मी विचारते आहे, आणि ज्याने ही ओळ लिहिली त्याला ते सांगता येत नाही. जावात नुसतं शून्य लिहिलं की तो इंट असतो. इंट म्हणजे ३२ बिट. त्यात जास्तीत जास्त बसतात २,१४,७४,८३,६४७. पैशांत. रुपये करा त्याचे: दोन कोटी चौदा लाख चौऱ्याहत्तर हजार आणि वर काही. आता हंगामातला एक दिवस धरा. पाच हजार क्विंटल सोयाबीन आलं, भाव साडेचार हजार मिळाला. सव्वादोन कोटी रुपये झाले, म्हणजे २,२५,००,००,००० पैसे. हा आकडा इंटमध्ये मावत नाही. मावत नाही म्हणून जावा थांबतो का? थांबत नाही, ओरडतही नाही. तो वरचा भाग टाकून देतो आणि तुमच्या पडद्यावर उणे २,०४,४९,६७,२९६ येतात. दिवसभर माल विकून मंडी दोन कोटी रुपयांनी उणे! तुम्ही दहा चिठ्ठ्या टाकून पाहिल्यात, दहाही बरोबर आल्या आणि तुम्ही चहाला गेलात. दहा चिठ्ठ्यांवर हे कसं दिसणार होतं?

आता त्याहून वाईट गोष्ट. प्रत्येक चिठ्ठीची रक्कम तुम्ही लाँगमध्ये ठेवली आहे. चौसष्ट बिट. म्हणजे आकडे मोठे होतील, हे तुम्हाला ठाऊक होतं. मग चौसष्ट बिटांची रक्कम बत्तीस बिटांच्या बेरजेत शिरलीच कशी? कंपायलरने अडवायला हवं होतं ना? अडवलं असतं. ‘एकूण बरोबर एकूण अधिक रक्कम’ असं लिहिलं असतं, तर त्याने तिथल्या तिथे सांगितलं असतं की लाँगमधून इंटमध्ये जाताना आकडा तुटू शकतो, मी हे कंपाइल करणार नाही. पण तुम्ही लिहिलंत ‘अधिक-बरोबर’. एक चिन्ह वाचवलंत. जावाच्या नियमानुसार या जोडचिन्हात टाइप बदलून घेण्याची परवानगी गुपचूप धरलेली असते: बेरीज लाँगमध्ये होते, मग ती इंटमध्ये कोंबली जाते, आणि तुम्हाला विचारलं जात नाही. हे भाषेच्या अधिकृत नियमावलीत लिहिलेलं आहे, कोणी लपवून ठेवलेलं नाही. पण नियमावली उघडली कोणी? एका ओळीत टाइप लिहिला नाही, दुसऱ्या ओळीत टाइप बदलला ते दिसलं नाही, आणि दोन्ही ठिकाणी कंपायलर गप्प बसला म्हणून तुम्ही निर्धास्त.

‘पण व्हार लिहिलं की कोड स्वच्छ दिसतो.’ हे वाक्य मला या वर्षभरात पुष्कळदा ऐकायला मिळालं. कोणाला स्वच्छ दिसतो? ज्याने आत्ता लिहिला त्याला. त्याच्या डोक्यात सगळं ताजं असतं. सहा महिन्यांनी तो कोड उघडणाऱ्याला त्या ओळीत काय दिसणार आहे?

तू देवासची. तुझ्या घरी अजून सांगतात ना, आम्ही धाकट्या पातीचे? ते का सांगावं लागतं, याचा कधी विचार केलास? १७२८ मध्ये पहिल्या बाजीरावाच्या काळात तुकोजी आणि जिवाजी पवार या दोघा भावांकडे हा मुलूख आला, आणि पुढे १८४१ पासून दोन्ही शाखांनी, म्हणजे पात्यांनी, आपापला वाटा स्वतंत्र राज्य म्हणून चालवला. राजधानी एकच, देवास. आडनाव एकच, पवार. जमिनी एकमेकींत गुंतलेल्या. शहराच्या मुख्य रस्त्याची एक बाजू एका राज्याची, दुसरी दुसऱ्याची. पाण्याची व्यवस्था वेगळी, दिव्यांची वेगळी. अशा गावात नुसतं ‘देवास सरकार’ म्हणून कागदाचं कसं भागेल? कोणता दरबार, कोणता खजिना, कोणाकडे दाद मागायची, हे ‘थोरली पाती’ किंवा ‘धाकटी पाती’ लिहिल्याशिवाय कळत नाही. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली इथल्या महाराजांचा खासगी चिटणीस होता, असं कोणी सांगितलं तरी जाणकाराचा पहिला प्रश्न येतो, कुठल्या पातीच्या? थोरल्या. १९४८ मध्ये दोन्ही संस्थानं मध्य भारतात विलीन झाली, तरी लोकांच्या तोंडून पाती गेली नाही. रस्त्यावर दुकानासमोर उभं राहून बोलताना कोणी दर वाक्याला पातीचा उल्लेख करत नव्हता. समोरचं घर रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे ते दोघांनाही दिसतं. पण कागद दुसऱ्याच्या हातात जायचा असला की पाती लिहायची. टाइप कुठे लिहावा आणि कुठे सोडावा, हे तुमच्या गावाला दीडशे वर्षांपूर्वी समजत होतं. तुम्हाला समजत नाही.

आणि धारवाल्याने हसू नये. तुमच्या भोजराजाच्या नावावर ‘सरस्वतीकंठाभरण’ नावाचे दोन ग्रंथ आहेत, एक व्याकरणाचा, एक अलंकारशास्त्राचा. नुसतं नाव लिहून संदर्भ देणाऱ्या विद्यार्थ्याला संस्कृतचा कुठलाही प्राध्यापक वही परत करील. मीही तेच करते आहे.

मी टाइप इन्फरन्सच्या, म्हणजे न लिहिलेला टाइप कंपायलरने ओळखण्याच्या, विरोधात आहे, असा अर्थ कोणी काढू नका. ज्याला ते नीट समजलं त्याच्यासाठी ती फार मोठी गोष्ट आहे, आणि तुम्ही तिला आळसाचं साधन केलंत, याचंच मला वाईट वाटतं. १९६९ मध्ये रॉजर हिंडली यांनी तर्कशास्त्राच्या अंगाने हे काम केलं. रॉबिन मिल्नर एडिंबरात एमएल ही भाषा घडवत होते. त्यांनी स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोचून १९७८ मध्ये ते मांडलं. १९८२ मध्ये लुईस डामास आणि मिल्नर यांनी दाखवलं की एकही टाइप न लिहिलेल्या प्रोग्रामला सर्वांत व्यापक असा टाइप यंत्राला शोधून देता येतो, आणि टाइप जुळणारच नसेल तर तेही यंत्र सांगतं. हा अंदाज नव्हे. व्हेरिएबल जिथे जिथे वापरला, त्या प्रत्येक जागेकडून एक अट गोळा करायची आणि सगळ्या अटी एकत्र सोडवायच्या. अट मोडली की नकार. मिल्नरना १९९१ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला, त्यामागच्या कामांत हेही होतं.

आता नीट ऐका, कारण तुमची चूक नेमकी इथे आहे. तुम्हाला वाटतं, सगळ्या भाषांमधलं इन्फरन्स एकाच जातीचं. तसं नाही. रस्टमध्ये शून्य लिहून बेरीज सुरू केलीत आणि पुढे तिच्यात चौसष्ट बिटांची रक्कम मिळवलीत, तर कंपायलर पुढचा वापर बघून मागच्या शून्यालाही चौसष्ट बिटांचं ठरवतो. कुठूनच काही कळलं नाही, तरच बत्तीस बिट धरतो. जावाचा व्हार पुढे बघतच नाही. त्याच ओळीत उजव्या हाताला काय आहे तेवढंच तो पाहतो आणि तिथेच शिक्का मारतो. कोटलिनही शून्याला इंटच म्हणतं, पण पुढे त्यात लाँग मिळवून परत ठेवायला गेलात की साफ नाकारतं. तिन्ही भाषांत ओळ दिसायला जवळपास सारखी, निकाल तीन तऱ्हेचे. इंटरनेटवरून रस्टचा नमुना बघायचा, हात जावात चालवायचा आणि भरवसा मिल्नरवर ठेवायचा, असं कसं चालेल?

जावात व्हार आला तो दहाव्या आवृत्तीत, मार्च २०१८ मध्ये. आणणाऱ्यांनी त्याला कुंपण घातलं आहे, ते वाचलंत का? मेथडच्या आतल्या व्हेरिएबलला व्हार चालतो. मेथडच्या पॅरामीटरला चालत नाही. परत काय येणार, तिथे चालत नाही. क्लासच्या फील्डला चालत नाही. गोमध्ये अपूर्णविराम-बरोबर हे चिन्ह फंक्शनच्या बाहेर वापरताच येत नाही. रस्ट फंक्शनच्या आत इतकं ओळखतो, पण फंक्शनच्या तोंडावर प्रत्येक टाइप लिहायला लावतो. हास्केलमध्ये तर जवळजवळ सगळं सोडता येतं, तरीही अनुभवी माणूस वरच्या पातळीवरच्या प्रत्येक फंक्शनचा टाइप लिहितोच, आणि सगळे इशारे चालू ठेवले तर कंपायलर तो नसल्याबद्दल टोकतो. इतक्या वेगवेगळ्या लोकांनी एकाच जागी रेघ ओढली ती का, हे स्वतःला विचारा. फंक्शनचं तोंड ही दुसऱ्याशी बोलण्याची जागा आहे. तिथे टाइप लिहिला की चूक आतल्या आत सापडते. नाही लिहिला, तर चूक एका फाइलमध्ये होते आणि कंपायलर तिसऱ्याच फाइलमध्ये बोंब मारतो. मग तुम्ही दोन तास निरपराध ओळ खोदत बसता. मागच्या आठवड्यात तेच चाललं होतं ना?

आणखी एक. यादी केलीत, ‘व्हार यादी’, आणि उजवीकडे अ‍ॅरेलिस्टचा कोनी कंस रिकामा. डावीकडे सांगितलं नाही, उजवीकडेही नाही. कंपायलरने काय करावं? त्याने ती ऑब्जेक्टची यादी धरली. आता तिच्यात चिठ्ठी घाला, शेतकऱ्याचं नाव घाला, ट्रकचा नंबर घाला, सगळं जातं. आत जाताना अडवणारं कोणी नाही, बाहेर काढताना मात्र जागोजागी कास्ट करत बसला आहात. दोन्ही बाजू एकाच वेळी रिकाम्या ठेवायच्या नसतात. हा नियम नको असेल तर जावा लिहू नका.

कोणी म्हणेल, बरं मॅडम, मग सगळीकडे लाँग लिहून टाकतो. तेवढ्याने सुटका नाही. डावीकडे लाँग लिहिलंत, उजवीकडे वजन इंट आणि पैशांतला भाव इंट, दोघांचा गुणाकार. पाच हजार गुणिले साडेचार लाख. गुणाकार इंटमध्येच होणार, तिथेच फुटणार, आणि फुटलेला आकडा मग सावकाश लाँगमध्ये जाऊन बसणार. पुन्हा तेच उणे दोन कोटी. डावीकडचा टाइप उजवीकडच्या हिशेबाला वाचवत नाही; गुणाकाराच्या आधी एकाला तरी लाँग करावं लागतं. एरियान पाच या रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात, ४ जून १९९६ ला, ६४ बिटांचा दशांश आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात बसवायला गेले आणि तो मावला नाही. अ‍ॅडा भाषेत लिहिलेला प्रोग्राम होता, टाइप सगळे काटेकोर लिहिलेले होते. त्या एका रूपांतराला संरक्षण दिलेलं नव्हतं. चाळीस सेकंदांच्या आसपास सगळं संपलं. टाइप लिहिणं म्हणजे विचार करणं. नुसता शब्द टंकणं नव्हे.

आता तुझी पाळी. हा निदान इंट-लाँगमध्ये चुकला, तू तर टाइपच काढून टाकलेस. टाइपस्क्रिप्ट घ्यायचं आणि प्रत्येक ठिकाणी ‘एनी’ लिहायचं! मग साधी जावास्क्रिप्टच का नाही लिहिलीस? एनी म्हणजे कंपायलरला स्पष्ट सांगणं की इथे बघू नकोस. २०१२ मध्ये अँडर्स हेल्सबर्ग यांनी टाइपस्क्रिप्ट लोकांपुढे ठेवली. ज्या माणसाने आधी टर्बो पास्कल केलं आणि मग सी शार्पची रचना केली, त्याने एनी ठेवला तो जुना कोड हळूहळू आणता यावा म्हणून. नव्या प्रोजेक्टमध्ये पहिल्या दिवसापासून पसरायला नव्हे.

फॉर्मवर वजन पाच, भाव साडेचार हजार. ब्राउझरच्या खोक्यातून जे येतं ते अक्षरांची माळ असते, आकडा नसतो. तू दोन्ही माळांचा गुणाकार केलास. जावास्क्रिप्टने त्यांचे आकडे करून घेतले आणि २२५०० बरोबर आलं. बरोबर आलं म्हणून तू पुढे गेलीस आणि खोक्यातूनच आलेले हमालीचे दीडशे मिळवलेस. पण अधिक चिन्हाच्या एका बाजूला माळ असली की जावास्क्रिप्ट बेरीज करत नाही, जोडतं. २२५०० च्या पुढे १५० चिकटले. पाच क्विंटलच्या चिठ्ठीवर २,२५,००,१५० रुपये! तो कागद घेऊन शेतकरी खिडकीशी उभा राहील तेव्हा त्याला काय सांगणार? एनी लिहिला नसतास तर टाइपस्क्रिप्टला आपोआप कळलं असतं की खोक्यातली किंमत ही माळ आहे, आणि गुणाकारापाशीच त्याने अडवलं असतं, बेरजेपर्यंत जाऊच दिलं नसतं. म्हणजे बघ, याच्याकडे इन्फरन्सवर आंधळा विश्वास, आणि तुझ्याकडे इन्फरन्स तुझ्यासाठी राबायला तयार असताना तू त्याचं तोंड बंद केलंस. सर्व्हरकडून जे उत्तर वाचलंस तेही एनीच होऊन येतं आणि ज्याला शिवेल त्याला एनी करतं. काय येणार ते खरंच माहीत नसेल, तर २०१८ पासून त्यासाठी ‘अननोन’ आहे. तपासल्याशिवाय तो वापरूच देत नाही. तो तुला त्रासाचा वाटला असेल. असू दे त्रास.

मागून कोणीतरी कुजबुजलं की सीमध्ये टाइप आधी आणि नाव नंतर, इथे नाव आधी आणि अपूर्णविरामानंतर टाइप, ही उलटी पद्धत कशाला? उलटी कोणाच्या दृष्टीने? पास्कलमध्ये १९७० पासून नाव आधीच आहे. सीमध्ये डेनिस रिची यांनी अशी रचना केली की व्हेरिएबल जसा वापरायचा तसाच जाहीर करायचा. त्यामुळे ‘इंट तारा पी, क्यू’ असं एका ओळीत लिहिलंत तर पी पॉइंटर होतो आणि क्यू साधा इंट राहतो, आणि दरवर्षी परीक्षेत निम्मा वर्ग तिथे पडतो. नाव आधी असलं की टाइप खुशाल खोडा, मागे राहिलेली ओळ अर्थपूर्ण राहते. टाइप आधी असला तर तो काढल्यावर त्या जागी काहीतरी भरावं लागतं. सी प्लस प्लसला २०११ मध्ये ऑटो भरावा लागला, जावाला व्हार. नव्या भाषांनी नाव पुढे घेतलं त्याला हेही एक कारण आहे. पद्धत आवडत नाही, असं म्हणण्याआधी ती का आहे ते विचारायला शिका.

न सांगता टाइप ठरवण्याची एक फार जुनी सोय फोर्ट्रानची, १९५७ ची. आय ते एन या सहा अक्षरांपैकी कशानेही नाव सुरू झालं की पूर्णांक, बाकी सगळे दशांश. रोमन लिपीत आपली नावं घालून बघा. ‘भाव’ बीने सुरू, दशांश. ‘मूल्य’ एमने सुरू, पूर्णांक. भाव गुणिले वजन मूल्यात ठेवलं की पैसे कापले गेले, आणि कारण काय, तर मराठीत त्या शब्दाचं पहिलं अक्षर म. लोकांनी इतकं सोसलं की पुढे ही सोय बंद करण्यासाठी वेगळी ओळ आली, ‘इम्प्लिसिट नन’, आणि फोर्ट्रान ९० मध्ये ती प्रमाणित झाली. आज कुठलाही शहाणा फोर्ट्रानवाला ती पहिल्यांदा लिहितो.

फुकट मिळणारं अनुमान नेहमी कुठल्यातरी नियमावर उभं असतं. धारला भोजशाला-कमाल मौला परिसरात सापाच्या वेटोळ्यात कोरलेले व्याकरणाचे लेख तू पाहिले असशील. वर्णमाला, नामांचे आणि क्रियापदांचे प्रत्यय. प्रत्ययावरून शब्दाचं काम ओळखता येतं ते कोष्टक कोणीतरी घोकून घेतलं म्हणून. ते कोष्टक दगडावर घालण्याइतकं त्या लोकांना महत्त्वाचं वाटलं. तुम्हाला तुमच्या भाषेच्या नियमांचं अर्धं पान वाचवत नाही?

सोमवारी मला पुढील गोष्टी दिसल्या पाहिजेत. ‘एकूण’ची पहिली ओळ लाँग म्हणून. प्रत्येक मेथडच्या तोंडावर येणारे आणि परत जाणारे टाइप विचार करून लिहिलेले, आणि मी बोट ठेवीन त्या मेथडमधल्या प्रत्येक व्हारचा टाइप कंपायलरला न विचारता सांगता आला पाहिजे. सांगता येत असेल तर तो व्हार तसाच ठेवा, माझी हरकत नाही. टाइपस्क्रिप्टमध्ये कडक तपासणी चालू आणि एकही एनी नको. पाच हजार क्विंटलची चाचणी माझ्यासमोर चालवायची आणि पडद्यावर २,२५,००,००,००० आले पाहिजेत. त्यानंतर मी स्वतः वजनाच्या खोक्यात ‘पाच’ असं अक्षरांत टाकणार आहे. बसा.